व्हर्टिकल कटिंग्ज ड्रायर: ऑइल-बेस्ड मडसाठी उत्तम, वॉटर-बेस्डसाठी नको

ऑइल-बेस्ड मड (खोदताना विहिरीत फिरवलं जाणारं तेलावर आधारित द्रव) वापरून तेल-वायूची विहीर खोदताना शेल शेकरवरून (मड आणि चुरा वेगळा करणाऱ्या थरथरत्या चाळणीवरून) पडणाऱ्या दगडी चुऱ्यात वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के तेल राहतं. तोच चुरा व्हर्टिकल कटिंग्ज ड्रायरच्या, म्हणजे चुऱ्यातलं द्रव गरगर फिरवून काढणाऱ्या यंत्राच्या, फिरत्या जाळीवरून गेला की तेलाचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं, देखभाल चोख असेल तर त्याहूनही खाली. शिवाय महागडं मड परत वापरात येतं, त्यामुळे खर्चाचा बराच भाग भरून निघतो.

पण चुरा एकसारखा पडत राहायला हवा. एकदम ढीग ओतला तर यंत्र थरथरतं, मोटरवर ताण येतो. वॉटर-बेस्ड मडचा चिकट चुरा तर जाळीची भोकंच लिंपून टाकतो; तिथे हे यंत्र घेऊच नका. आतली पाती झिजून जाळीपासूनचं अंतर वाढलं, की चुरा जाळीवर थापला जातो आणि तेलाचं प्रमाण पुन्हा चढतं. म्हणून ते अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) नियमित मोजा.

ड्रायरमधून बाहेर पडणारं द्रव थेट मडच्या टाकीत सोडणं ही नेहमीची चूक. त्यातले बारीक कण डिकँटर सेंट्रिफ्यूजने (वेगाने फिरवून द्रवातले कण वेगळे करणाऱ्या यंत्राने) काढावेच लागतात, नाहीतर मड घट्ट होत जातं. सेंट्रिफ्यूजशिवाय नुसता ड्रायर घेण्याची शिफारस आम्ही करणार नाही.