फर्मच्या आतच टीम बदलली, इंटरनल ट्रान्सफरचा माझा अनुभव, ५ पैकी ३ स्टार

मोठी कन्सल्टिंग फर्म आहे, नाव घेत नाही. मी पुण्यात बसून अमेरिकन क्लायंट्सचं ऑडिट सपोर्टचं काम करायचे, चार वर्षं दोन महिने केलं, आणि मला सायबर रिस्कला, म्हणजे क्लायंटच्या सिस्टिम्स सुरक्षित आहेत का हे बघणाऱ्या टीमला, जायचं होतं. इंटरव्ह्यूलाच सांगितलेलं की आमच्याकडे कंपनी न सोडता करिअर बदलता येतं. येतं, मी बदललंय, म्हणून ३ स्टार.

आतल्या जागा टाकतात त्या पोर्टलवर मात्र विसंबून राहू नका. मी तीन जागांना अप्लाय केलं, एक रिजेक्ट आणि दोन महिनोन्‌महिने 'अंडर रिव्ह्यू'. काम झालं ते माणसांमुळे. सिसाची (CISA, आयटी ऑडिटचं सर्टिफिकेशन) परीक्षा पास झाले आणि सायबरच्या एका सिनियर मॅनेजर मॅडमना सरळ पिंग केलं की पंधरा मिनिटं द्याल का, त्यांनी अर्धा तास दिला आणि वर एका छोट्या एंगेजमेंटवर, म्हणजे क्लायंटच्या कामावर, हाताखाली घेतलं, म्हणजे दिवसभर माझं काम आणि रात्री नऊनंतर यांची ॲक्सेस रिव्ह्यूची (सिस्टिममध्ये कुणाकुणाला प्रवेश आहे ते तपासायची) शीट. एका रात्री त्या शीटमध्ये नोकरी सोडून गेलेल्या अकरा जणांचे आयडी चालू सापडले, तेव्हा मला पक्कं कळलं की हेच काम करायचंय. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

मग रिलीज, म्हणजे जुन्या टीमने मला सोडणं. अमेरिकन कंपन्यांचं वर्ष बहुतेक डिसेंबरला संपतं त्यामुळे जानेवारी ते मार्च बिझी सीझन, आमचे मॅनेजर म्हणाले, "अगं मार्च संपू दे, मग बघू." मार्चनंतर म्हणाले बदली माणूस मिळू दे. मग केटी, म्हणजे नव्या माणसाला काम समजावून देणं. असे सात महिने गेले. राजीनामा टाकला असता तर ९० दिवसांत मोकळी झाले असते!

अजून एक, हे नीट वाचा. लोगो एकच असला तरी आत कंपन्या वेगळ्या असतात, अमेरिकन फर्मचं इथलं सेंटर वेगळं आणि त्याच नावाने इथे काम करणारी भारतातली मेंबर फर्म वेगळी. माझी नवी टीम दुसऱ्या कंपनीत होती, नवीन अपॉइंटमेंट लेटर आलं आणि त्यावर जॉइनिंग डेटही नवीन. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग सर्व्हिस लागते, माझी चार पूर्ण झालेली, ती शून्य झाली असती. मी सही थांबवली, सर्व्हिस कंटिन्यू धरणार हे लेखी मागितलं, तीन आठवडे मागे लागले तेव्हा ते लेटरमध्ये आलं. पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) तोच राहतो पण मेंबर आयडी बदलतो, जुना बॅलन्स ट्रान्सफर झालाय का तेही बघून घ्या.

रेटिंगला फटका बसतोच. जुन्या टीमने तू निघालीस म्हणून मधलं रेटिंग दिलं, नवी म्हणाली आम्ही तुला चारच महिने बघितलंय. प्रमोशन एक वर्ष पुढे गेलं. नव्या टीमशी हे आधीच बोलून घ्यायला हवं होतं, मी नाही बोलले.

ऑनसाइटचं, म्हणजे परदेशातल्या ऑफिसात बदलीचं, मी स्वतः केलं नाही, पण टीममधले दोघं गेले. अमेरिकेचा एल-१ (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) हवा तर आधीच्या तीन वर्षांत एक वर्ष सलग कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या ऑफिसात काम झालेलं लागतं आणि तो व्हिसा कंपनीला बांधलेला असतो, तिकडे जाऊन त्यावर नोकरी बदलता येत नाही. यूकेच्या ट्रान्सफर व्हिसावरून तर थेट पीआर (कायम राहायची परवानगी) मिळत नाही. हे जायच्या आधी घरी बसून बोला, पोरांची शाळा वगैरे असेल तर नक्कीच.

काम मला आवडतंय, रोज सकाळी लॅपटॉप उघडावासा वाटतो, हे आधी होत नव्हतं. कापलेले दोन स्टार रिलीज आणि रेटिंगचे. एचआरपैकी कुणी वाचत असेल तर एवढंच करा, रिलीजची तारीख मॅनेजरच्या मर्जीवर सोडू नका, आतल्या ट्रान्सफरलाही ९० दिवसांची मुदत घाला.