‘कंपायलर सापडला नाही’: मिनीफोर्ज आणि त्यातले कंपायलर आठ महिने वापरल्यानंतर

मिनीफोर्ज म्हणजे पायथन, त्याची पॅकेजेस आणि कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करणारा प्रोग्राम) बसवून देणारं साधन. आधी माझी गरज सांगतो, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल. माझ्याकडे स्वतःचा लिनक्स लॅपटॉप आहे, एक मॅक आहे आणि एका सामायिक सर्व्हरवर खातं आहे, पण तिथे सुडोची, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने काही बसवायची, परवानगी नाही. बहुतेक काम पायथनमध्ये, नम्पाय आणि सायपाय या आकडेमोडीच्या पॅकेजेसवर चालतं. त्याच्या पोटात मात्र चार-एक हजार ओळींचा फोर्ट्रान भाषेतला जुना कोड आहे. तो मी लिहिलेला नाही, आणि तो नव्याने लिहायला आमच्यापैकी कोणी धजावत नाही. एफ-टू-पाय हे जोडणारं साधन वापरून आम्ही तो पायथनमधून चालवतो.

आठ महिन्यांपूर्वी सर्व्हरवर पायथन ३.११ आलं आणि पॅकेजेस बसवणारी नेहमीची पिप इन्स्टॉलची कमांड आडवी झाली. स्क्रीनभर लाल अक्षरं, आणि शेवटी तात्पर्य एवढंच की जीसीसी नावाची फाइल, म्हणजे सी कंपायलर, सापडली नाही. मी ॲडमिनला मेल टाकला: कंपायलर बसवा. चार दिवसांनी बिल्ड-इसेन्शियल बसलं. मग पायथन डॉट एच ही हेडर फाइल (कंपायलरला लागणारी माहितीची फाइल) नाही म्हणून बिल्ड थांबलं, म्हणजे पायथनचं डेव्ह पॅकेज हवं. पुन्हा मेल. त्यानंतर फोर्ट्रानची पाळी. बिल्ड-इसेन्शियल या नावावरून त्यात सगळं असेल असं वाटतं, पण त्यात सी आणि सी प्लस प्लसचे कंपायलर, मेक आणि काही हेडर असतात. जीफोर्ट्रान, म्हणजे फोर्ट्रानचा कंपायलर, वेगळा घ्यावा लागतो. तिसरा मेल.

या सगळ्यात दोन आठवडे गेले आणि मग एका सहकाऱ्याने साधा प्रश्न विचारला: “पण नम्पाय तुझ्या मशीनवर कंपाइल का होतंय?”

उत्तर लाजिरवाणं होतं. आमच्या यादीत नम्पायची १.२२ ही आवृत्ती पिन केलेली, म्हणजे ठरवून टाकलेली, होती. पायथन ३.११ साठी तयार बिल्ड केलेली फाइल, म्हणजे व्हील, नम्पायने १.२३.२ पासून द्यायला सुरुवात केली. व्हील मिळालं नाही की पिप गुपचूप सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवतो आणि तुमच्याच मशीनवर बिल्ड करायला घेतो. कंपायलर नसल्याची तक्रार तिथून येते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यादीतला आकडा बदलला आणि नम्पाय अर्ध्या मिनिटात बसलं, कंपायलरशिवाय.

त्यामुळे कोणी ‘कंपायलर नाही म्हणतंय’ असं सांगत आलं की मी कंपायलरबद्दल काही बोलतच नाही. पिपने कोणती फाइल उतरवली ती ओळ आधी बघायला सांगतो. नावाच्या शेवटी डब्ल्यूएचएल असेल तर तयार माल आहे; टार डॉट जीझेड असेल तर सोर्स आहे. पिपला ‘ओन्ली-बायनरी’चा पर्याय दिला तर तो सोर्सच्या वाटेला जातच नाही, सरळ सांगतो की जुळणारं काही मिळालं नाही. पानभर लाल मजकुरापेक्षा ही एक ओळ कितीतरी उपयोगी.

व्हील न मिळण्याची कारणंही ठरलेली असतात. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि सगळी पॅकेजेस त्याच दिवशी तयार नसतात. तेव्हा ऑक्टोबरात हौसेने पायथन अपग्रेड करू नका. कंटेनरसाठी अल्पाइन लिनक्स घेतलं असेल तर तिथे ग्लिबसी या नेहमीच्या मूळ सी लायब्ररीऐवजी मसल ही दुसरी असते आणि नेहमीच्या मेनीलिनक्स (ग्लिबसीसाठीच्या) व्हील तिथे चालत नाहीत. मसलसाठी वेगळ्या व्हील लागतात, आणि त्या प्रत्येक पॅकेज देतंच असं नाही. आणि एक कारण असं की ते कोणाच्या डोक्यातच येत नाही: पिप स्वतःच जुना असतो. व्हीलच्या नावातला मेनीलिनक्स२०१४ हा टॅग ओळखायला पिप किमान १९.३ लागतो. त्याहून जुन्या पिपला समोर ठेवलेलं व्हीलसुद्धा दिसत नाही, आणि तो निघतो सोर्स घेऊन.

इथवरच्या गोष्टींसाठी मिनीफोर्जची गरजच नाही. माझी खरी अडचण उरली ती फोर्ट्रानची. आमच्या कोडचं व्हील जगात कोणी बनवून ठेवलेलं नाही, तिथे कंपायलर लागणारच. आणि तिसऱ्या मेलचं उत्तर अजून यायचं होतं.

मिनीफोर्ज होम फोल्डरमध्ये बसतं, त्याला ॲडमिनची परवानगी लागत नाही. ते कोंडा-फोर्ज या स्वयंसेवकांनी चालवलेल्या संग्रहातून पॅकेजेस घेतं. त्या संग्रहात ‘कंपायलर्स’ नावाचंच एक पॅकेज आहे. एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेसचा वेगळा कप्पा, तयार करायचं, त्यात ‘कोंडा इन्स्टॉल कंपायलर्स’ (कोंडा ही मिनीफोर्जची कमांड) म्हणायचं, की सी, सी प्लस प्लस आणि फोर्ट्रान असे तिन्ही कंपायलर त्या एन्व्हायर्नमेंटच्या आत येतात. ॲक्टिव्हेट केलं की कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारे सीसी, सीएक्सएक्स, एफसी हे व्हेरिएबल आपोआप त्यांच्याकडे वळतात. सर्व्हरवर सिस्टीमचा जीसीसी कोणता आहे, आहे की नाही, याच्याशी आपला संबंध उरत नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत आमचा फोर्ट्रान कोड कंपाइल व्हायला लागला. तिसऱ्या मेलचं उत्तर नंतर आलं, तोवर मला त्याची गरज उरली नव्हती.

‘व्हायला लागला’ असंच म्हणतोय, कारण झाला नाही. नवा जीफोर्ट्रान आमच्या कोडवर चिडला: अर्ग्युमेंटचे प्रकार जुळत नाहीत. एकाच सबरूटीनला एका ठिकाणी रिअल ॲरे दिलेला, दुसऱ्या ठिकाणी इंटिजर. फोर्ट्रान ७७ च्या काळातली ही सर्रास चालणारी सवय. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून जीफोर्ट्रान तिला इशारा न देता थेट चूक मानतो. ‘अलाउ-अर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) दिला की तो पुन्हा इशाऱ्यावर येतो. जुनं काही कंपाइल करताना हा एक फ्लॅग लक्षात ठेवा, निम्मी डोकेदुखी कमी होईल. फक्त तो देताना एफफ्लॅग्ज (फोर्ट्रानच्या फ्लॅगचं व्हेरिएबल) नव्याने लिहू नका, असलेल्याच्या पुढे जोडा. ॲक्टिव्हेट करताना कोंडाने त्यात स्वतःचे फ्लॅग भरलेले असतात आणि मी ते पुसून टाकले होते.

आता या व्यवस्थेतल्या खाचा. पहिली मला महिनाभराने कळली. हा कंपायलर सिस्टीमचे हेडर बघतच नाही. त्याच्याबरोबर त्याचं स्वतःचं सिसरूट, म्हणजे हेडर आणि मूळ लायब्ररींचा फोल्डर, येतं, तो त्यातच शोधतो. लॅपटॉपवर मी एचडीएफ५ या डेटा साठवायच्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज सिस्टीममध्ये बसवलं होतं, फाइल डोळ्यांना दिसत होती, आणि कंपायलर म्हणत होता की नाही. मी अर्धा दिवस पाथ तपासत बसलो. तसं ठेवण्यामागे कारण आहे: जुन्या ग्लिबसीवर बिल्ड केलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही. म्हणून नियम एकच: आतला कंपायलर वापरायचा तर लायब्ररीही आतल्याच घ्यायच्या. एचडीएफ५ कोंडातूनच घेतलं आणि प्रश्न मिटला.

अर्धं बाहेरचं आणि अर्धं आतलं केलं की काय होतं तेही बघून झालंय. सिस्टीमच्या जीसीसीने बिल्ड केलेलं मॉड्यूल एन्व्हायर्नमेंटच्या सी प्लस प्लस लायब्ररीशी जोडलं गेलं, आणि इम्पोर्ट करताना जीएलआयबीसीएक्सएक्सची, म्हणजे त्याच लायब्ररीची, अमुक आवृत्ती नाही असा निरोप आला. जीफोर्ट्रानची तर आवृत्ती नावातच येते: जीसीसी ६ पर्यंत लिबजीफोर्ट्रान या त्याच्या लायब्ररीची फाइल एसओ ३ होती, जीसीसी ७ ला ४, आणि ८ पासून ५. एसओ ३ नाही अशी तक्रार आली की समजायचं, हे बायनरी म्हाताऱ्या कंपायलरने बनवलंय. तिथे सिम्लिंक करून, म्हणजे दुसऱ्या नावाचा दुवा बनवून, ५ च्या फाइललाच ३ म्हणून पुढे करायचा मोह होतो. करू नका. मी केलं, प्रोग्राम चालला आणि नंतर भलत्याच जागी कोसळला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सीमेकने, म्हणजे बिल्डची तयारी करणाऱ्या साधनाने, खाल्ला, आणि त्यात चूक पूर्णपणे माझी. सीमेक पहिल्या वेळी सापडलेल्या कंपायलरचा पाथ कॅशमध्ये लिहून ठेवतो. नंतर तुम्ही एन्व्हायर्नमेंट बदला, सीसी बदला, देवाचा धावा करा, तो जुन्याच पाथला धरून बसतो. मी दोन दिवस ‘कोंडाचा कंपायलर घेतच नाही’ म्हणून चरफडत होतो. बिल्ड फोल्डर उडवला, पुन्हा कॉन्फिगर केलं, झालं. आता काहीही बिघडलं की पहिली कृती हीच: बिल्ड फोल्डर पुसा, मगच विचार करा.

पुढे एन्व्हायर्नमेंट पायथन ३.१२ वर नेलं तेव्हा आणखी एक गंमत. त्या आवृत्तीत डिस्टयूटिल्स हे जुनं बिल्डचं साधन काढून टाकलंय, त्यामुळे एफ-टू-पाय आता मेसॉन या दुसऱ्या साधनावर चालतो. मेसॉन बसवलेलं नसेल तर एरर येते ‘फाइल सापडली नाही’. मी सवयीने कंपायलर तपासायला गेलो. कंपायलर जागेवरच होता, सापडत नव्हतं ते मेसॉन.

लॉग वाचण्याबद्दल थोडं. शेवटची ओळ जवळजवळ कधीच कामाची नसते. ती फक्त सांगते की बिल्ड फसलं. वर जाऊन ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कुठे आलाय ते शोधायचं. मेसॉन तर कोणकोणते कंपायलर शोधून बघितले त्यांची यादीच देतो आणि पूर्ण लॉग कुठल्या फाइलमध्ये आहे तेही सांगतो. आणि मध्येच ‘किल्ड’ दिसलं तर कंपायलर शोधत बसू नका, तुमची मेमरी संपली आहे. सायपाय सोर्समधून बिल्ड करताना मला हे सर्व्हरवर भेटलं. समांतर जॉबची संख्या दोनवर आणली आणि बिल्ड निमूटपणे पार पडलं.

मॅकवर अनुभव बराच सुरळीत, एक अट सोडून. कोंडा-फोर्जचा कंपायलर मॅकवर क्लँग हा सी कंपायलर आणतो, पण मॅकची एसडीके (सिस्टीमचे हेडर आणि लायब्ररी) त्यात येत नाही, ती ॲपलच्या कमांड लाइन टूल्समधून घ्यावी लागते. सिस्टीमचं मोठं अपडेट झालं की ही टूल्स हरवल्यासारखी होतात आणि डेव्हलपर पाथ चुकीचा असल्याचा मेसेज येतो. एक्सकोड-सिलेक्टची इन्स्टॉलची कमांड पुन्हा दिली की परत येतात. शिवाय मॅकवर जीसीसी ही कमांड चालली म्हणून हुरळून जाऊ नये. त्या नावामागेही क्लँगच असतो, आणि फोर्ट्रान मुळीच नसतो. विंडोजवर मी फारसा राबलो नाही. तिथे कोंडातलं व्हिज्युअल स्टुडिओचं पॅकेज कंपायलर आणत नाही, आधी बसवलेला शोधून जोडून देतं एवढं माहीत असू द्या. बिल्ड टूल्स वेगळी बसवावीच लागतात. फोर्ट्रान असेल तर मी सरळ डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये) जाईन.

न आवडलेल्या गोष्टी? जागा. कंपायलरसकट एक एन्व्हायर्नमेंट माझ्याकडे दोन जीबीच्या पुढे जातं, आणि सर्व्हरवर फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असल्याने दर महिन्याला कोंडा क्लीन चालवावं लागतं. बॅच जॉबमध्ये (रांगेत लावलेल्या कामात) ॲक्टिव्हेट आपोआप होत नाही. रात्री लावलेला जॉब सकाळी पहिल्याच ओळीवर मेलेला मिळाला, तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये कोंडा रन लिहितो. डीफॉल्ट फ्लॅग जुन्या प्रोसेसरवरही चालेल असा कोड बनवतात, त्यामुळे वेगाची शेवटची धार मिळत नाही. पण मी एकदा नेटिव्ह प्रोसेसरचा फ्लॅग लावून बिल्ड केलं आणि सर्व्हरच्या जुन्या नोडवर ते ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत आडवं पडलं. तेव्हापासून धारेचा हट्ट सोडला.

ज्यांना फक्त नम्पाय, सायपाय, पांडाज लागतं त्यांनी या भानगडीत पडू नये. साधं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, ताजा पिप आणि सहा महिने जुनं पायथन पुरतं. मोठ्या क्लस्टरवर असाल तर मॉड्यूल लोड करून तिथले कंपायलर आणि एमपीआय (अनेक मशीनवर काम वाटणारी लायब्ररी) घ्या. एमपीआय त्या हार्डवेअरसाठी जुळवलेली असते, ती कोंडातून आणण्यात तोटाच आहे. सुडो नसलेला सर्व्हर, थोडा स्वतःचा सी किंवा फोर्ट्रान कोड आणि दोन-तीन वेगळी मशीन, असं असेल तर मात्र मला याहून सोयीचं काही सापडलेलं नाही. एन्व्हायर्नमेंटची यामल (पॅकेजेसच्या यादीची) फाइल रिपॉझिटरीत ठेवली आहे. गेल्या महिन्यात आलेल्या नव्या सहकाऱ्याने ती घेऊन पहिल्याच दुपारी सगळं चालवलं.

फोर्ट्रानमधले ते न जुळणारे कॉल एकूण अकरा निघाले. सात दुरुस्त केलेत. उरलेले चार एकाच सबरूटीनमध्ये आहेत आणि त्यात एक कॉमन ब्लॉक (सबरूटीन वाटून घेतात ती मेमरी) असा काही गुंतलाय की तो फ्लॅग मेकफाइलमध्ये अजून तसाच ठेवलाय.