हातरंधा की मशीनचा रंधा? घेण्याआधी नीट पाहावं असं काही

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा निघतो. तो मागे ठेवा. आधी किती मिलिमीटर लाकूड काढायचं आहे आणि ते किती फुटांवर, एवढं ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

पावसाळ्यात फुगलेलं दार घ्या. सात फुटांची कड, चौकटीला दीड मिमी घासतेय. नीट धार लावलेला हातरंधा एका हातात (एका फेरीत) साधारण ०.१ मिमीची साल काढतो, म्हणजे पंधरा हात. मशीन अर्ध्या मिमीवर लावलं तर तीन. फरक दहा-बारा मिनिटांचा. दार बिजागऱ्यांवरून उतरवणं, कडी-कोयंडा काढणं आणि सगळं परत बसवणं यालाच त्याहून जास्त वेळ जातो. उलट मशीन शेवटी एकदा खाली झुकलं तर दाराच्या कोपऱ्यात खड्डा पडतो आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. घरातल्या एका दारासाठी मशीन विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हेच काम आठ दारांचं असेल, जुन्या वाड्यातल्या सागवानी वाशांचा काळा थर तीन-चार मिमी उतरवायचा असेल किंवा रोज चौकटी करायच्या असतील, तर गणित उलटतं. तिथे हातरंध्याने खांदा भरून येतो. थकलेला हात रंधा तिरका धरतो, मग कडेचा काटकोन जातो. अशा कामाला मशीनच हवं.

दाराबद्दल आणखी एक गोष्ट, रंधा कोणताही असो. जुलैत फुगलेलं लाकूड मार्चमध्ये आकसणार आहे. घासतंय तेवढं अधिक एक मिमी, याहून जास्त काढू नका, नाहीतर उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फट दिसते. रंधलेली कोरी कड पाणी पिते, म्हणून ती कोरडी झाली की लगेच पॉलिश किंवा रंग लावा. दाराची वरची आणि खालची कड बहुतेक घरांत कधीच रंगवलेली नसते. दरवर्षी दार फुगण्याचं ते एक मोठं कारण आहे.

सपाटी आणि जाडी

मशीन आणलं की फळी आपोआप सरळ आणि एकसारख्या जाडीची होईल, ही समजूत सर्वांत महागात पडते. हातात धरायच्या मशीनचा तळ साधारण २८-२९ सेंमी लांब असतो. फळीतला बाक त्याहून लांब असेल तर मशीन त्या बाकावरूनच चालत जातं आणि बाक तसाच राहतो. लोखंडी जॅक रंधा १४ इंच, म्हणजे ३५ सेंमी असतो. कड सरळ करायचा लांब रंधा २२ इंचांचा. लांब तळ उंचवट्यांवर टेकतो आणि फक्त तेवढेच कापतो. म्हणून दोन फळ्या जोडून टेबलाचा माथा करायचा असेल, तर जोडाची शेवटची कड लांब हातरंध्यानेच धरा.

रुंदीचंही तसंच. बाजारातल्या बहुतेक मशीनचं पातं ८२ मिमीचं असतं. दहा इंचांच्या फळीवर शेजारी-शेजारी पट्टे मारावे लागतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीक कंगोरा उरतो. पट्टे १०-१५ मिमी एकमेकांवर घेतले तरी तो हाताला लागतो. शेवटी हातरंधा किंवा सँडर फिरवावाच लागतो. रुंद फळ्या दहा-वीस असतील तर दोन्ही रंधे बाजूला ठेवा आणि माल वर्कशॉपमधल्या मोठ्या प्लेनरवर नेऊन जाडीला काढून आणा.

पृष्ठभाग कसा निघतो

मशीनचा ड्रम मिनिटाला साधारण १६,००० फेरे घेतो. त्यावर दोन पाती, म्हणजे मिनिटाला ३२,००० काप. मशीन मिनिटाला ३ मीटर वेगाने ढकललं तर दोन कापांत ०.१ मिमीपेक्षाही कमी अंतर पडतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो. घाईने १० मीटरच्या वेगाने ढकललं तर तेच अंतर ०.३ मिमी होतं. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण पॉलिशचा पहिला हात लागला की आडव्या लाटा उठून दिसतात.

लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) उलटी असेल किंवा गाठ असेल, तिथे मशीन लाकडाच्या ढलप्या उपटतं. हातरंध्यात यावर उपाय आहे. पात्यावरची दाबपट्टी धारेपासून अर्धा मिमी मागे आणायची आणि साल पातळ काढायची. मशीनमध्ये खोली कमी करून हळू जाणं एवढंच हाती असतं. साग, देवदार उलट्या रेषेलाही थोडंफार ऐकतात. शिसव, बाभूळ ऐकत नाहीत.

धार आणि पाती

हातरंधा स्वस्त पडतो तो धार लावता येत असेल तरच. पात्याचा उतार २५ अंश, धारेचं टोक ३० अंशांवर, आणि सागावर काम चालू असताना अधूनमधून दगडावर दोन-चार हात. हे जमत नसेल तर चांगल्यातला चांगला रंधाही लाकूड फाडतो.

मशीनमध्ये दोन प्रकारची पाती येतात. जाड पाती घासून पुन्हा धार लावण्याजोगी असतात, पण बसवताना उंची हाताने जुळवावी लागते. दुसरी बारीक कार्बाइडची, दोन्ही बाजूंना धार असलेली, उलटून वापरायची आणि दोन्ही धारा गेल्या की फेकायची. प्लायवूड आणि फ्लश डोअरमधला सुकलेला डिंक साध्या पोलादाची धार पाहता पाहता खातो, तिथे कार्बाइडच घ्या. जुन्या लाकडावर कोणतंही पातं लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. रंगाखाली तुटलेली चूक (बारीक खिळा) राहिलेली असते आणि तिच्यावरून पातं गेलं की पुढच्या प्रत्येक फळीवर एक बारीक उभी रेघ उमटत राहते.

पाती बदलताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद पुरत नाही. दोन्ही पाती एकदम बदला. जाड पाती असतील तर मशीन उलटं करून मागच्या तळावर लाकडाची सरळ पट्टी ठेवून ड्रम हाताने फिरवा. पातं सर्वांत वर येताना पट्टीला जेमतेम शिवलं पाहिजे, डावीकडे आणि उजवीकडे सारखंच. पातं मागच्या तळाच्या वर राहिलं तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो. खाली राहिलं तर मागचा तळ लाकडाला अडतो आणि मशीन वर चढत कापणं सोडतं. एकच पातं उंच असेल तर तेवढंच कापतं, मशीन थरथरतं आणि पृष्ठभागावर लाटा येतात. बोल्ट पूर्ण आवळल्यानंतर पुन्हा एकदा तपासा, कारण आवळताना पातं सरकतं.

मशीन चालवताना

लाकूड क्लॅम्पने बांधा. फळी गुडघ्याने दाबून मशीन चालवायचं नाही. बाहेर आलेले स्क्रू, कुलपाची पट्टी, टॉवर बोल्ट सगळं काढा. पुढची मूठ फिरवून खोली ठेवा: सागाला अर्धा मिमी, बाभूळ-शिसवीला ०.३, देवदाराला एक. मशीन अडीच-तीन मिमी कापू शकतं असं खोक्यावर लिहिलेलं असलं, तरी ती रोजची खोली नाही. मोटरचा आवाज खाली बसला की खोली कमी करा, जोर वाढवू नका.

पुढचा तळ लाकडावर टेकवा, ड्रम अजून लाकडाबाहेर. मग बटण दाबा, पूर्ण वेग येऊ द्या आणि पुढे चला. सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, मध्ये दोन्हींवर सारखा, शेवटी मागच्या मुठीवर. टोकाचे बहुतेक खड्डे हा दाब न बदलल्याने पडतात. दाराच्या वरच्या-खालच्या कडेला कोपऱ्यात लाकडाचं डोकं (तंतूंची आडवी कापलेली टोकं) येतं, तिथे दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत या. सरळ आरपार गेलात तर शेवटचा कोपरा फाटून निघतो.

बटण सोडल्यावरही ड्रम काही सेकंद फिरतो. या वेळात मशीन ओट्यावर टेकवलं तर ते ओटाच कापतं आणि आपल्याकडे उडी मारतं. फिरणं थांबेपर्यंत हातात धरा किंवा मागे टेकू असेल तर त्यावर ठेवा. वायर खांद्यावरून मागे घ्या. भुसा अडकला तर प्लग काढून काडीने काढा, बोटाने कधीच नाही. हातमोजे, मोकळ्या बाह्या, ओढणी, बांगड्या मशीनजवळ नकोत. चष्मा, कानात प्लग आणि नाकाला एन-९५ मास्क हवा. सागाची धूळ काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते, आणि लाकडाच्या धुळीची नोंद कर्करोगाच्या सिद्ध कारणांमध्ये आहे. हातरंध्याच्या सालीत यातला फार थोडा त्रास असतो. बंद फ्लॅटमध्ये काम करणाऱ्याने हे वजनात धरावं.

मशीन स्टँडवर उलटं लावून, बटण लॉक करून वर लाकूड सरकवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. यात बोटं जातात. पात्यावर आपोआप झाकणारं गार्ड असलेला, त्याच मशीनचा स्टँड असेल तरच हे करा, आणि ३० सेंमीपेक्षा छोटा तुकडा हाताने सरकवू नका. छोट्या तुकड्यांना हातरंधाच.

वायर की बॅटरी

साइटवर शिडीवर चढून एखाद-दुसरी कड मारायची असेल तर बॅटरी सोयीची. दिवसभराच्या कामाला वायरचं. ६५० वॅटचं मशीन तीन अँपिअरच्या आतच वीज घेतं, घरातला साधा सॉकेट चालतो. एक्स्टेन्शन मात्र बारीक वायरचं नको.

मशीनच घ्यायचं ठरलं तर दुकानात प्लग न लावता ते उलटं करा. खोली शून्यावर आणा आणि पुढच्या-मागच्या तळावर मिळून पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड पाहा. मधे किंवा एका बाजूला उजेड दिसला तर दुसरं मशीन मागा. तळ वाकडा असेल तर पाती कितीही जुळवली तरी फळी सरळ निघत नाही.