मोने पाहायला एकच दुपार असेल तर: ओरांजरी की मार्मोतां?

पॅरिसमध्ये क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची चित्रे पाहण्यासाठी एकच दुपार हाताशी आहे, तेव्हा त्युइलरी बागेतल्या ओरांजरी संग्रहालयात जावे की शहराच्या पश्चिम टोकाला असलेल्या मार्मोतां-मोने संग्रहालयात, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम, म्हणजे उजेडाचा क्षणिक ठसा रंगवणारी चित्रशैली) समजावून सांगण्याची गरज नसते. मी दोन्हीकडे दोन-दोनदा जाऊन आलो आहे. मला जलरंगात निसर्गचित्रे काढण्याचा नाद आहे, त्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असणार, हे आधीच कबूल करतो.

कागदावर पाहिले तर मार्मोतांचे पारडे जड आहे. मोनेचा मुलगा मिशेल १९६६ मध्ये वारला, तेव्हा वडिलांची त्याच्याकडे राहिलेली चित्रे मृत्युपत्रान्वये या संग्रहालयाला मिळाली आणि मोनेचा जगातला सर्वांत मोठा संग्रह येथे जमला. ज्या चित्राच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या शीर्षकावरून इम्प्रेशनिझमच्या संपूर्ण चळवळीला नाव पडले, ते ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचे १८७२ चे चित्रही येथलेच. १९८५ मध्ये ते चोरीला गेले आणि १९९० मध्ये कॉर्सिका बेटावर सापडले. त्यातला नारिंगी सूर्य डोळ्यांत भरतो, पण मी मोबाइलवर त्याचा फोटो कृष्णधवल करून पाहिला तेव्हा सूर्य भोवतालच्या करड्या आभाळात जवळजवळ विरून गेला. त्याची सारी चमक रंगाच्या विरोधातून आलेली आहे, उजळपणातून नव्हे, हे मला पुस्तकांतून कधी इतके नीट उमगले नव्हते. शिवाय येथे गर्दी बेताची असते. उतारवयातल्या चित्रांपुढे हवा तितका वेळ उभे राहता येते आणि कडेला रंग न पोहोचलेला कोरा कॅनव्हासही दिसतो.

तरीही मन खट्टू झाले ते एका गोष्टीमुळे. मोनेसाठी बांधलेले मुख्य दालन तळघरात आहे. सकाळी अकराला उतरा की दुपारी चारला, खाली उजेड तोच. पहिल्या भेटीत मी मोनेच्या बागेतल्या जपानी पुलाच्या एका चित्रातला हिरवा रंग वहीत रंगीत पेन्सिलींनी टिपून घेतला आणि ताळा जमला म्हणून मनातल्या मनात खूशही झालो. बाहेर पडून शेजारच्या रानलाघ उद्यानातल्या बाकावर वही उघडली, तर तोच हिरवा पिवळट आणि मेलेला दिसू लागला. पेन्सिलीचे रंग उन्हात बदलले हे समजले, पण मूळ चित्र उन्हात कसे दिसले असते ते समजण्याचा मार्ग नव्हता, कारण ते काही बाहेर आणून पाहता येत नाही. दिव्यांची व्यवस्था त्यानंतर सुधारली असेलही. पण ज्या माणसाने घटकाघटकाला बदलणाऱ्या उजेडामागे धावून एकाच गवताच्या गंजीची कितीतरी चित्रे काढली, त्याचा उजेड बटण दाबून लावलेला पाहणे मला अखेरपर्यंत रुचले नाही.

ओरांजरीची इमारत मुळात १८५२ मध्ये बागेतली संत्र्याची झाडे हिवाळ्यात ठेवण्यासाठी बांधली गेली. पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामानंतर मोनेने फ्रान्सचा तेव्हाचा पंतप्रधान क्लेमांसो याच्यामार्फत देशाला देऊ केलेली कमळांची चित्रे येथे दोन लंबवर्तुळाकृती दालनांत आहेत. ती त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १९२७ मध्ये लोकांसाठी खुली झाली. दालनांत वरून दिवसाचा उजेड यावा, ही योजना त्याच्या इच्छेनुसार होती. १९६० च्या दशकात डोक्यावर आणखी एक मजला चढवून तो उजेड अडवण्यात आला, आणि २००६ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत तो पुन्हा मोकळा केला गेला.

गैरसोयी येथेही आहेत. शांतता पाळण्याची विनंती कोणी फारशी मनावर घेत नाही, मधली बाके मिळतीलच असे नाही, आणि चित्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणाऱ्यांच्या खांद्यांवरून पाहावे लागते. मात्र मार्चमधल्या एका दुपारी मी पहिल्या दालनात बसलो असताना वर ढग आला असावा. छतावरच्या पडद्यातून झिरपणारा उजेड उतरला, मावळतीच्या चित्रातला पिवळा मागे सरकला आणि तोवर मी न पाहिलेला जांभळा पाण्यातून वर आला. मिनिटभरात ढग गेला आणि पिवळा परतला. हे मोजून सिद्ध करण्याचे साधन माझ्याकडे नाही. शेजारच्या आजींनीही त्याच क्षणी मान वर केली, एवढाच माझा पुरावा.

चित्रकाराची घडण, तरुणपणापासूनचा प्रवास आणि कुंचल्याचा फटकारा जवळून पाहायचा असेल, तर मार्मोतां निवडण्यात काहीच चूक नाही. माझ्यापुरते म्हणाल, तर तिसऱ्यांदा संधी मिळाली तेव्हा मी फार विचार न करता ओरांजरीचे वेळ ठरवलेले तिकीट आधीच काढून ठेवले. मंगळवारी ते बंद असते आणि मार्मोतां सोमवारी, तेवढे पाहून घ्यावे. जमल्यास ऊन-सावलीचा दिवस निवडावा. दिवसभर पाऊस लागून राहिला असेल, तर मात्र तळघरही चालेल.