विश्रामबागेतला फ्रेंचचा क्लास आणि त्यातली संसद

सांगलीत राहून फ्रेंच नीट शिकता येतं का, असं कोर्टाच्या बार रूममध्ये दोघी-तिघी ज्युनिअर वकील विचारत होत्या. येतं. विश्रामबागेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवारी संध्याकाळी हा क्लास भरतो. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही. एकाचं ऐकून दुसरा येतो. मॅडम पुण्यात शिकल्या, तिथंच काही वर्षं शिकवलं आणि लग्नानंतर इकडं आल्या. चार महिन्यांचे साडेसहा हजार रुपये, दोन हप्त्यांत दिले तरी चालतात. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं बघते. माझ्या बॅचला मिरजेची एक नर्स होती, तिला कॅनडातल्या फ्रेंचभाषिक क्वेबेकला नोकरी करायची आहे. तासगावचे एक बेदाणा व्यापारी होते, इंजिनिअरिंगची पोरं होती आणि नववीतली एक मुलगी.

पहिले दोन महिने नेहमीचा अभ्यास झाला. क्रियापदं चालवणं, स्वतःची ओळख, बाजार, घड्याळ. मॅडम व्याकरण मराठीतून सांगतात, ही फार मोठी सोय आहे. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला जड जातं. आपल्याला खुर्ची ती आणि पंखा तो हे पाळण्यापासून ठाऊक असतं.

लिहायचंय ते तिसऱ्या महिन्याबद्दल. तिथून पुढं मॅडम वर्गाची संसद करतात. चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला एकेक विधिमंडळ दिलं जातं, त्याची माहिती काढून यायची, चार-चार ओळींचं भाषण फ्रेंचमध्ये करायचं आणि शेवटी एक ठराव मंजूर करायचा. वाक्यांचे साचे मॅडम आधी पाठ करून घेतात, त्यामुळं नवखा माणूसही उभा राहतो. तोंड उघडायला लावणारा याहून चांगला उपाय मी कुठल्या क्लासमध्ये पाहिलेला नाही.

आणि हा नुसता खेळ नाही. फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या लोकप्रतिनिधींची अशी सभा खरोखर आहे. १९६७ साली लक्झेंबर्गमध्ये ती स्थापन झाली. सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष आणि कवी लेओपोल सेदार सेंगोर यांनी तिचा आग्रह धरला होता. १९९८ पासून ती फ्रँकोफोनीची, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या देश-प्रदेशांच्या समूहाची, संसदीय सभा म्हणून ओळखली जाते. सरकारांनी नायजरची राजधानी नियामेला करार करून आपली संस्था उभी केली ती २० मार्च १९७० रोजी, म्हणजे लोकांनी निवडून दिलेली माणसं सरकारांच्या आधी एकत्र आली होती. सभेचे चार विभाग आहेत: आफ्रिका, अमेरिका, युरोप आणि आशिया-पॅसिफिक. प्रत्येक विभागाच्या स्वतंत्र बैठका होतात. शिक्षण आणि संस्कृतीसाठी समिती आहे, महिला प्रतिनिधींचं वेगळं जाळं आहे, तरुणांची संसदही भरवली जाते. आमच्या वर्गातली संसद मॅडमनी त्या तरुणांच्या संसदेवरूनच घेतली आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की तिथं बसायला सार्वभौम देश असावं लागत नाही. क्वेबेक, न्यू ब्रन्सविक, ओंटारिओ हे कॅनडाचे प्रांत, इटलीतलं आओस्ता खोरं, स्वित्झर्लंडमधलं जुरा. यांची विधिमंडळं आपापल्या नावानं बसतात. आओस्ता खोऱ्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, सांगली शहराहून कितीतरी कमी. तिथं १९४८ पासून इटालियनच्या बरोबरीनं फ्रेंचला अधिकृत दर्जा आहे.

आमच्या बेदाणा व्यापाऱ्यांच्या चिठ्ठीत जर्सी बेट निघालं. ब्रिटिश राजमुकुटाखालचं, इंग्रजी बोलणारं बेट, पण तिथल्या विधिमंडळात प्रार्थना आणि हजेरी आजही फ्रेंचमध्ये होते आणि मतदान 'पूर' किंवा 'काँत्र' म्हणून. काका दोन आठवडे येता-जाता तेच म्हणत होते. नववीतल्या मुलीकडं अमेरिकेतलं लुइझियाना राज्य होतं. ती उभी राहिली, वहीत बोट ठेवून सावकाश वाचायला लागली: १९२१ च्या घटनेनं शाळांमध्ये इंग्रजीच शिकवायचं ठरवलं, घरी फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शाळेत त्यासाठी शिक्षा व्हायच्या. मग १९६८ मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळानं फ्रेंचच्या विकासासाठी परिषद नेमली आणि २०१८ मध्ये लुइझियाना फ्रँकोफोनीत निरीक्षक म्हणून दाखल झालं. शिक्षेच्या ओळीपाशी तिनं मान वर करून सगळ्यांकडं बघितलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली. हे मॅडमनी सांगितलेलं नव्हतं.

मला मॉरिशस मिळालं. रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं उसाच्या मळ्यांवर करारानं गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं तिथं आजही मराठी शिकतात, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. मला त्यांची राज्यघटना उघडावीशी वाटली. कलम ४९: सभागृहाची अधिकृत भाषा इंग्रजी, पण कोणीही सदस्य अध्यक्षांना फ्रेंचमध्ये संबोधू शकतो. एकच वाक्य, पण त्या वाक्यावर तिथल्या सभागृहात फ्रेंच उभी आहे. १९९३ ची फ्रँकोफोनीची शिखर परिषद याच देशात झाली. माझं भाषण मी या कलमावरच बेतलं. अजून बोलायचं राहिलं होतं तेवढ्यात लुइझियानानं घंटा वाजवली, "वकील काकू, वेळ झाली!" नियम सगळ्यांना सारखा, तिथंच थांबले.

मॅडमनी एकदा मॅनिटोबाची गोष्ट सांगितली, ती माझ्यासारखीला सोडणं शक्यच नव्हतं. कॅनडाच्या या प्रांताला १८७० च्या कायद्यानं विधिमंडळात आणि न्यायालयात इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषा मिळाल्या होत्या. १८९० मध्ये प्रांतानं फ्रेंच काढून टाकली. पुढं जॉर्ज फोरे नावाच्या गृहस्थांना गाडी उभी करण्याबद्दल दंडाची पावती आली, फक्त इंग्रजीत. ते कोर्टात गेले. १९७९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९० चा कायदा रद्दबातल ठरवला. १९८५ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की नुसते इंग्रजीत केलेले प्रांताचे सगळे कायदे अवैध आहेत. अराजक नको म्हणून भाषांतर होईपर्यंत तेवढे चालू ठेवले. पार्किंगच्या एका पावतीवरून! निकाल मी त्याच रात्री वाचून काढला.

आमच्या ठरावात दोनच गोष्टी होत्या. प्रत्येक सदस्याला सभागृहात फ्रेंचमध्ये बोलता यावं, आणि कायदे फ्रेंचमधूनही इंग्रजीबरोबरच प्रसिद्ध व्हावेत, मागाहून नव्हे. दुसऱ्या मुद्द्यावर वाद रंगला. न्यू ब्रन्सविकचा मुलगा म्हणाला, आमच्याकडं १९६९ पासून राजभाषा कायदा आहे, कॅनडातला अधिकृतपणे द्विभाषिक असा एकमेव प्रांत आमचाच, आम्हाला नवं काय सांगता? नर्स क्वेबेककडून उभी राहिली आणि तिथल्या १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या कायद्याचा दाखला देत ठरावाच्या बाजूनं बोलली. तोवर वर्गात कोणाशी न बोलणारी ही मुलगी, तिची शेवटची दोन वाक्यं कागद न बघता आली. ठराव मंजूर झाला. मग भडंग आणि चहा.

हे सगळं मला इतकं लागून का राहिलं? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सांगली-साताऱ्याच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. पण इथं विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात ज्या दाव्यात साक्षी-पुरावे, सातबारा, फेरफार, युक्तिवाद सगळं मराठीत होतं, तेच अपिलात गेलं की पानन् पान इंग्रजीत करून जोडावं लागतं. अशील शेजारी बसून स्वतःच्या जमिनीबद्दलचं बोलणं ऐकतो आणि मला विचारतो, "काय म्हणाले हो?" ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सांगलीच्या ताराबाई भवाळकर दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्याचा मला फार अभिमान आहे. पण भाषेसाठी आपण साहित्यिकांना बोलावतो, आमदारांना फक्त उद्घाटनाला. महाराष्ट्राचं विधिमंडळ, मराठीला सरकारी कामकाजात जागा देणाऱ्या १९८७ च्या कायद्याचं गोव्याचं विधिमंडळ, मॉरिशसमधले मराठी लोकप्रतिनिधी यांनी वर्षाला एकदा एकत्र बसून कायद्यांचं भाषांतर, न्यायालयातली भाषा, शाळा यांवर ठराव करावेत. आओस्ता खोरं करतं, ते आपल्याला जड नाही. स्थानिक आमदारांना मी हे पत्रानं कळवणार आहे.

आता उणिवा. झेरॉक्सच्या नोट्स फिकट, काही ठिकाणी स्वरांवरची चिन्हं दिसतच नाहीत, आणि फ्रेंचमध्ये तेवढ्यानं शब्द चुकतो. ऐकण्याचा सराव कमी आहे. मॅडमचा उच्चार उत्तम, पण एकाच आवाजाची सवय लागते. आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या आणि टीव्ही सँक मोंद या फ्रेंच वाहिनीच्या शिकवणीचे व्हिडिओ फुकट आहेत, मोबाइलवर ते रोज ऐकावेत. मी स्वयंपाक करताना लावते. पावसाळ्यात वीज गेली की तास बुडतो, भरपाईचा तास मागून घ्यावा लागतो. पंधराच्या वर माणसं झाली तर संसदेत बोलायला वेळ पुरत नाही, तेव्हा नाव नोंदवताना बॅच केवढी आहे ते विचारा.

डेल्फची, म्हणजे फ्रेंचच्या अधिकृत प्रमाणपत्राची, परीक्षा द्यायची असेल तर पहिल्याच दिवशी मॅडमना सांगा, त्या वेगळ्या उत्तरपत्रिका तपासून देतात, जादा पैसे न घेता. नुसतं पर्यटनापुरतं बोलायला शिकायचं असेल तर पहिले दोन महिने पुरतात. वकील, पत्रकार, राज्यशास्त्राची मुलं यांनी मात्र चारही महिने करावेत. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे आणि चिठ्ठीत मॅनिटोबा निघाला तर माझ्याकडं या, निकालाची प्रत काढून ठेवली आहे.