लॅन कार्डाचा ट्रान्सफॉर्मर आणि घरचा डिजिटल ऑडिओ: मालवणात शिमगा ते दिवाळी

पीसी ते डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग आवाज करणारं यंत्र) ही घरी केलेली कोॲक्स केबलची जोडणी आठ महिने रोज चालू आहे. स्पीकरमधली घूं पूर्ण गेली.

घूं कुठून येते ते आधी पाहावं. सेट-टॉप बॉक्सची केबल काढताच ती थांबली, तर पीसीची अर्थिंग आणि केबलचं शील्ड यांचं वेटोळं (ग्राउंड लूप) झालंय. त्यावर थ्री-पिनची अर्थ पिन कापणं हा धोकादायक उपाय आहे, कधीही करू नका. जांभ्यातला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. खड्ड्यात पाणी घाला, वेटोळं मात्र सिग्नलच्या वाटेत तोडा.

मदरबोर्डच्या एसपीडीआयएफ (डिजिटल ऑडिओ बाहेर देणाऱ्या) पिनवर गाणं चालू असताना मीटर डीसीवर लावा. 2.5 व्होल्टच्या आसपास दिसलं तर सिग्नल 5 व्होल्टचा, 1.6 दिसलं तर 3.3 चा. पिनपासून 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, मग 5 व्होल्टला सिरीजमध्ये 360 ओहम आणि तिथून ग्राउंडला 91 ओहम, 3.3 व्होल्टला 240 आणि 110. 75 ओहमच्या लोडवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. पुढे वेटोळं तोडायला जुन्या 10/100 लॅन (नेटवर्क) कार्डातला 1:1 ट्रान्सफॉर्मर, मधला टॅप मोकळा. सेकंडरीचं दुसरं टोक फक्त आरसीए सॉकेटच्या (केबल लावायच्या गोल सॉकेटच्या) शील्डला. सॉकेटला प्लास्टिकचा वॉशर हवाच, नाहीतर ते पत्र्याला टेकतं आणि सगळी मेहनत वाया. नुसत्या कपॅसिटरने काम भागत नाही, कारण शील्ड जोडलेलंच राहतं. केबल आरजी-59.

सगळ्यात जास्त फसगत होते ती डॅकच्या पॉवरची. ती पीसीच्या यूएसबीवरून घेतली की ग्राउंड मागच्या दाराने परत जोडला जातो. वेगळा टू-पिन ॲडॅप्टर द्या.

खारा वारा मात्र सोडत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस साध्या निकेलच्या आरसीएवर हिरवट थर चढला. ॲनालॉगसारखी खरखर होत नाही. आवाज क्षणभर तुटतो, डॅकवरचा लॉकचा (सिग्नल पकडल्याचा) दिवा विझतो आणि परत लागतो. सोन्याचा मुलामा दिलेला सॉकेट लावल्यावर ते थांबलं. सोल्डर झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिलने पुसून पारदर्शक वॉर्निश मारावं, पण सॉकेटच्या आत ते जाऊ देऊ नये.

टीव्हीसाठी ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणारी) केबलच घ्यावी. तिथे तांब्याचा संबंधच येत नाही. केबल काढली की टोकाला टोपण लावा, दमट हवेत धूळ तिथे चिकटून बसते.