बीएससी एमएलटी: दीड वर्षानंतरचा अनुभव (नवी मुंबई)

नीटचा स्कोअर कमी आला की घरोघरी एमएलटीचा, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा, विषय निघतो आणि मग ओळखीतले सगळे मला फोन करतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी दुसऱ्या वर्षाला आहे, राहते ठाण्यात, कॉलेज नवी मुंबईत, ट्रान्स हार्बर लोकलने येणंजाणं. सकाळी ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसवाल्यांची गर्दी असते, ते धरूनच चाला.

पहिलं वर्ष म्हणजे अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, पाठांतर आणि जर्नल. बारावीची बायो पक्की असेल तर निघून जातं.

खरा कोर्स पोस्टिंगला, म्हणजे हॉस्पिटलच्या लॅबमधल्या प्रत्यक्ष कामाला, सुरू होतो. ब्लड कलेक्शनला बसलं की पहिले ट्यूबच्या झाकणांचे रंग आणि त्यांचा क्रम डोक्यात बसवावा लागतो, आधी निळी सायट्रेटची (रक्त गोठू न देणारं रसायन), मग लाल किंवा पिवळी, जांभळी ईडीटीएची (हेही रक्त गोठू न देणारं) त्यानंतर आणि करडी फ्लोराइडची शेवटी. हा क्रम का, तर जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएत पोटॅशियम असतं आणि ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यातलं थोडं जरी पुढच्या ट्यूबमध्ये गेलं तरी पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी दिसतं, आणि पेशंटला काहीच झालेलं नसताना वॉर्डात धावपळ सुरू होते. निळी ट्यूब तर खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं गणित असतं, कमी भरली की पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला येतो. दंडाला आवळायचा पट्टा, टूर्निकेट, एक मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. समोर आजी हात पुढे करून "हळू टोच गं बाळा" म्हणत असतात तेव्हा हे सगळं आपोआप आठवायला हवं, आणि ते फक्त सरावानेच होतं.

एक प्रसंग सांगते, कारण त्या दिवसानंतर हे शिक्षण मला मनापासून आवडायला लागलं. पावसाळ्यात तापाचे पेशंट भरपूर, डेंग्यूच्या धास्तीने प्लेटलेटची सॅम्पलं नुसती येत असतात. एका माणसाचा काउंट मशीनवर ४० हजारांच्या आत आला, घरच्यांची डोनर शोधायला पळापळ सुरू. मॅडम म्हणाल्या रिपोर्ट थांबव, आधी स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) कर. लीशमन स्टेन करून, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून रंग देऊन, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर स्लाइडच्या शेपटाकडे प्लेटलेटचे गुच्छच्या गुच्छ! काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गुच्छाला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत सॅम्पल घेतलं, काउंट चांगला आला. त्यांच्या बायकोला मॅडमनी समजावून सांगितलं तेव्हा ती बाई मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "टेक्निशियनच ना शेवटी" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आता हेच सांगते.

आता खटकलेलं. पोस्टिंगच्या एका ठिकाणी आम्हाला बरेच दिवस नुसतं रजिस्टर भरायला आणि बारकोड चिकटवायला बसवलं, पेशंटच्या जवळपासही फिरकू दिलं नाही, फी मात्र पूर्ण. दुसऱ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे तर नकली हातावरच सगळी प्रॅक्टिकलं. हे अजिबात पटत नाही, रक्त काढायला माणसावरच, सिनियरच्या नजरेखाली शिकावं लागतं. म्हणून अ‍ॅडमिशनआधी प्रॉस्पेक्टसमधले फोटो बघत बसू नका, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलला, कितव्या सेमिस्टरपासून, दिवसाला किती सॅम्पल स्वतः घेता. हॉस्पिटल कॉलेजचं स्वतःचं असेल तर फार फरक पडतो.

सुरुवातीचा पगार कमी असतो आणि नाइट ड्यूटी असते, घरी हे आधीच बोलून घ्या. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात लॅबवाले पण आलेत, त्यामुळे कोर्सला मान्यता कोणाची आणि पुढे रजिस्ट्रेशन कुठे होणार हे कॉलेजकडून लेखी मागा, तोंडी "होईल सगळं" वर पैसे भरू नका. आणि हेपेटायटिस बीची लस पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी सुरू करा, तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, आमच्यातल्या अर्ध्या मुलांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.